चवदार तळ्याचा दावा आणि आपली कोर्टकचेरी

(चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मरणदिनी रोहा येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका ज्येष्ठ वकिलांनी केलेले भाषण वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक)



आज मी धम्मावर चार शब्द बोलावे, अशी आपली विनंती होती. परंतु धम्मावर बोलण्याचा अधिकार भिक्खूंचा आणि अभ्यासकांचा आहे. मी रोह्याच्या, माणगावच्या आणि अलिबागच्या न्यायालयांत काळा कोट घालून उभा राहणारा माणूस आहे. दिवाणी दावे, फौजदारी बचाव आणि भांडणांचे समेट यांतच माझे आयुष्य गेले. म्हणून मी माझ्या धंद्याविषयीच बोलणार आहे. तथापि ज्या महापुरुषाने आपल्याला धम्म दिला, तोही वकील होता, हे लक्षात घेतले म्हणजे माझा विषय आजच्या दिवसाला सोडून आहे, असे आपणास वाटणार नाही.

इतक्या वर्षांत माझ्या कचेरीच्या बाकावर जी माणसे येऊन बसली, त्यांच्याकडे पाहून मला एक गोष्ट सतत खटकत आली. जेथे समेट करावयास हवा तेथे आपण लढतो; आणि जेथे लढावयास हवे तेथे आपण समेट करतो. भावाशी बांधाच्या वीतभर जमिनीसाठी पंधरा वर्षे तारखा घालणारा मनुष्य, गावाने सार्वजनिक रस्त्यावर त्याचा अपमान केला म्हणजे, “जाऊ द्या वकीलसाहेब, गावात राहावयाचे आहे,” असे म्हणून घरी जातो. हा उलटा हिशेब सुलटा कसा करावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. आणि तो सांगण्यासाठी चवदार तळ्याच्या दाव्यासारखा दुसरा धडा नाही.

दाव्याची हकीकत

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लेकराबाळांना ठाऊक आहे. चवदार तळ्याचा दावा मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. सत्याग्रह एका दिवसाचा होता. दावा सव्वानऊ वर्षे चालला.

हा आपला जिल्हा त्या काळी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास जी परिषद भरली, ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होती; म्हणजे ती आपल्या जिल्ह्याची, आपल्या आजोबा-पणजोबांची परिषद होती. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला होता, की सरकारी खर्चाने बांधलेली वा सार्वजनिक पैशाने चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर राहिला. पाण्याला हात लावण्याचे धैर्य कोणी केले नव्हते. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले, आणि कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरला.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य शिरणार आहेत अशी खोटी आवई उठविली गेली, आणि जेवत बसलेल्या, घरी परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आपल्या लोकांची संख्या मोठी होती. बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि गुन्हा न्यायालयात नेला. हल्लेखोरांपैकी पाच जणांना त्याच वर्षीच्या जून महिन्यात चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हा पहिला धडा. मार खाऊन गप्प बसणे हा एक मार्ग, मारास मार देणे हा दुसरा मार्ग. बाबासाहेबांनी तिसरा मार्ग दाखविला. तो मार्ग फिर्यादीचा.

इकडे सनातन्यांनी गोमूत्र-शेणाच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले, आणि नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. तेव्हा डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तो अडविण्यासाठी महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी न्यायालयात दावा गुदरला. प्रतिवादींत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, की दाव्याचा निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये.

बंधुभगिनींनो, त्या क्षणाचा विचार करा. हजारो सत्याग्रही महाडास जमले आहेत. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी आहे. तळे हाकेच्या अंतरावर आहे. आणि हाती आला आहे न्यायालयाचा मनाई हुकूम. कोणताही पुढारी अशा वेळी टाळ्यांच्या मोहाला बळी पडला असता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. सत्याग्रहींची मिरवणूक निघाली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. काहींना ही माघार वाटली. वकिलाच्या दृष्टीने पाहाल तर ती माघार नव्हती. ज्या न्यायालयाकडून आपल्याला हक्क शाबीत करून घ्यावयाचा आहे, त्याचा हुकूम आपणच मोडला, तर उद्या न्याय मागताना आपले तोंड उरत नाही. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, हे विसरू नका. ज्या ग्रंथाने अन्यायाला कायद्याचे रूप दिले तो जाळावयाचा, आणि ज्या न्यायालयात त्या अन्यायाचा पुरावा मागता येतो त्याचा हुकूम पाळावयाचा, असा विवेक त्या तीन दिवसांत दिसला.

निकाल कशावर लागला

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. पण मूळ दावा चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली तो फेटाळला. वादी अपिलात ठाण्यास गेले. ते अपील १९३३ साली फेटाळले गेले. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी तेथेही वादींविरुद्ध निकाल दिला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने आजही वाचावयास मिळतो.

हा निकाल कशावर लागला, हे नीट समजून घ्या. कारण आपल्या व्यवहाराला तेच उपयोगी आहे. अस्पृश्यता हा अन्याय आहे, म्हणून दावा फेटाळतो, असे उच्च न्यायालयाने म्हटले नाही. वादींचे म्हणणे असे होते, की अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यावयाचे नाही अशी अनादि काळापासून वहिवाट आहे. कायदा सांगतो, की जो वहिवाटीवर हक्क सांगतो त्याने ती शाबीत केली पाहिजे. ती फार जुनी असली पाहिजे, अखंड असली पाहिजे, निश्चित असली पाहिजे. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक. अशा तळ्यावरून एका समाजाला कायमचे हाकलण्याचा हक्क सांगणाऱ्यांनी पुरावा आणावयाचा होता. त्यांनी साक्षीदार आणले, पण अनादि वहिवाट काही शाबीत झाली नाही. आणि ती शाबीत झाली नसल्यामुळे, अशी वहिवाट अन्याय्य किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नात शिरण्याचे उच्च न्यायालयास कारण उरले नाही.

पाहा, हजारो वर्षांची म्हणून जी रूढी आपल्या पूर्वजांच्या छातीवर बसली होती, तिला न्यायालयात साधा एकच प्रश्न विचारला गेला: पुरावा काय? आणि तिची बोबडी वळली. आज कोणी तुम्हाला सांगितले, की “आमच्या गावात अशीच चाल आहे,” तर तुम्हीही शांतपणे हाच प्रश्न विचारावयाचा. आता तर प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या शब्दांवरून नजर फिरविताना मला महाडच्या पाण्याची आठवण होते. ज्याने दाव्यात प्रतिवादी म्हणून सव्वानऊ वर्षे काढली, त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने संविधानाचा मसुदा केला.

फौजदारी बचाव म्हणजे काय

काही लोक मला विचारतात, “वकीलसाहेब, आरोपीचे वकीलपत्र तुम्ही कसे घेता?” या प्रश्नाचे उत्तरही बाबासाहेबांच्या वकिलीतच आहे. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम देण्यास कचरत. तरीही त्यांच्याकडे आलेली फौजदारी कामे पाहा. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींवर बदनामीचा खटला झाला, तेव्हा १९२६ साली पुण्याच्या अपिलात बाबासाहेबांनी त्यांचा बचाव केला आणि ते सुटले. र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेथे यश आले नाही; कर्व्यांना दंड झाला. पण कर्वे कोणत्या जातीचे, असा प्रश्न त्यांनी वकीलपत्र घेताना केला नाही. मनुष्याला आपले म्हणणे निर्भयपणे मांडता यावे आणि पुराव्यावाचून कोणास शिक्षा होऊ नये, यासाठी फौजदारी वकील असतो.

आपल्या समाजाला याची गरज अधिक आहे. मी अनेकदा पाहिलेला प्रकार सांगतो. १४ एप्रिलची मिरवणूक निघते. चौकात कोणी शिवी देतो, दगड पडतो. आपला मुलगा फिर्याद देण्यास जातो. तो परत येण्यापूर्वीच त्याच्याविरुद्ध उलट फिर्याद नोंदलेली असते: याने गळ्यातील साखळी ओढली, यांनी पाचसात जणांनी मिळून घरात शिरून मारहाण केली. मग दोन्हींकडचे मध्यस्थ येतात आणि म्हणतात, “तुम्ही तुमची काढा, आम्ही आमची काढतो.” मुलाच्या नोकरीचा अर्ज गेलेला असतो, आई रडत असते, आणि खरी फिर्याद खोट्या फिर्यादीच्या बदल्यात विकली जाते.

अशा वेळी पळून जाऊ नका, आणि पोलिसांशी हुज्जतही घालू नका. अटक झाली तर तिचे कारण विचारण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. मुलगा त्या वेळी कोठे होता, कोणासमवेत होता, याचा पुरावा त्याच आठवड्यात गोळा करा. सहा महिन्यांनी कोणाला काही आठवत नाही. आणि वकिलाला खरे सांगा. डॉक्टरपासून रोग लपविणारा रोगी आणि वकिलापासून हकीकत लपविणारा पक्षकार यांची गत एकच.

एका चुकीची कबुली

येथे मला माझ्या धंद्यातील एक जुने शल्य सांगितले पाहिजे. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. पाण्याच्या नळावरून आपल्या एका भगिनीला दोघांनी जातीवाचक शिवीगाळ केली, हंडा फेकून दिला. प्रसंग खरा होता. पाहणारे होते. तिचा नवरा फिर्याद देण्यापूर्वी माझ्याकडे आला. त्याने सहा नावे सांगितली. मी तरुण होतो, संतापलो होतो. “हे सहाहीजण तेथे होते काय?” असा साधा प्रश्न मी त्याला केला नाही. खटला उभा राहिला. उलटतपासात निष्पन्न झाले, की सहांपैकी एक जण त्या दिवशी मुंबईच्या इस्पितळात खाटेवर होता. जुन्या बांधाच्या रागापायी त्याचे नाव घातले होते. एक नाव खोटे ठरले, तेव्हा साक्षच डळमळली, आणि खऱ्या दोघांसकट सहाहीजण सुटले. ती भगिनी न्यायालयाच्या पायरीवर बसून म्हणाली, “वकीलदादा, हंडा तर खराच फेकला होता ना?” मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

आपण दररोज पंचशील ग्रहण करतो. चौथे शील आपण म्हणतो, ‘मुसावादा वेरमणी’. मी खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन. हे शील विहारात जितके आहे तितकेच ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. फिर्यादीत एक शब्दही वाढवू नका, एक शब्दही गाळू नका. आपली बाजू न्यायाची असते, तेव्हा सत्य हेच आपले सर्वांत मोठे बळ असते. त्यात असत्याची भेसळ करणे म्हणजे आपल्याच विहिरीत विष कालविणे होय.

अत्याचाराची फिर्याद

आता कायद्याची थोडी ओळख करून देतो. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ साली आला. १९७६ साली दुरुस्त होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम १९८९ चा. तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला, आणि २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक बळकट झाला. या कायद्याखालील आरोपीस अटकपूर्व जामीन मिळण्यावर बंधन आहे. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या महाडच्या स्मरणदिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने फिर्याद नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट आली होती. देशभर लोक रस्त्यावर आले, संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून ती अट दूर केली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले.

व्यवहारात एवढे लक्षात ठेवा. फिर्याद तोंडी सांगितली तरी ती लिहून घेऊन, वाचून दाखवून, मगच तुमची सही घेतली पाहिजे. तिची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. ती घेतल्यावाचून ठाण्यातून निघू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. तिच्याप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद घेतली पाहिजे. ठाण्यात नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो, आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावयाचे असते. आरोपीच्या जामिनाच्या वेळीही तुमचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासही शिक्षेची तरतूद आहे.

परंतु कायदा कितीही कडक असला तरी पुराव्यावाचून तो लुळा असतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आरोपींना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. खून शाबीत झाले. परंतु अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील गुन्हा मात्र न्यायालयात शाबीत मानला गेला नाही. साऱ्या महाराष्ट्राला जे दिसत होते, ते कागदावर उतरले नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा पंचनामा, पहिल्या दिवसाचा जबाब आणि त्यातील प्रत्येक शब्द यांना एवढे महत्त्व आहे. जातीवाचक शब्द उच्चारला गेला असेल तर तो जसाच्या तसा जबाबात आला पाहिजे. लाज वाटली तरी आला पाहिजे. लाज उच्चारणाराची आहे, ऐकणाराची नव्हे.

धर्मांतर आणि कागदपत्र

आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. त्यांच्या मनात एक भीती असते: बौद्ध झाल्याने आपले हक्क जातील काय? ही भीती निराधार आहे. पण एके काळी ती खरी होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९६२ सालच्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवरून निवडून आलेल्या मेश्राम यांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रद्द ठरविली. त्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मनुष्याने जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीर केले म्हणजे तो त्या धर्माचा झाला. आपल्या माणसांनी किंमत मोजली, पण ‘आम्ही बौद्ध आहोत’ हे शब्द गिळले नाहीत. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना पूर्ण मान्यता दिली. चौतीस वर्षे लागली. तेव्हा आज धम्म आणि हक्क यांतील एकाची निवड करण्याची पाळी आपल्यावर नाही. ज्यांनी ती पाळी सोसली त्यांच्यापुढे आपण नम्र असावे.

मात्र कागद जपा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, वतनाचे कागद हे सोन्याच्या दागिन्यांपेक्षा सांभाळून ठेवा. पावसाळ्यात कुंडलिकेचे पाणी वाढले म्हणजे पहिल्याने ही पेटी माळ्यावर टाका. विवाह बौद्ध पद्धतीने लावा, आणि त्याची नोंदणी अवश्य करा; पुढे वारसाच्या, पोटगीच्या प्रश्नात ती उपयोगी पडते. हिंदू विवाह अधिनियम १९५५ आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ हे नावाने हिंदू असले तरी बौद्धांनाही लागू आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून घेणाऱ्या भावाने समतेच्या गोष्टी सभेत सांगू नयेत.

समेट कोठे करावा

आता शेवटचा भाग. धाटावला कारखाने आले, रेल्वे आली, आणि या टापूत जमिनीला भाव आला. त्याबरोबर भाऊबंदकीही वाढली. ज्या पडीक तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यावर आता दोन भाऊ दोन वकील देतात. महार वतने १९५९ साली कायद्याने संपली आणि पुष्कळ जमिनी नव्या शर्तीवर पूर्वीच्या वतनदारांना मिळाल्या. अशी जमीन विकण्यावर बंधने असतात. सात-बारावर शर्त कोणती, फेरफार कोणाच्या नावे, हे पाहिल्यावाचून साठेखतावर सही करू नका.

माझ्याकडे दोन सख्खे भाऊ अकरा वर्षे दीड गुंठ्यासाठी भांडत होते. फी, भाडे, मोजणी यांत दीड गुंठ्याची किंमत केव्हाच संपली होती. लोकअदालतीत एका दुपारी त्यांचा वाद मिटला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि चालू दावा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतील मनुष्याला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. समेटाला मी कमीपणा मानीत नाही. तो आपल्या परंपरेतलाच आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले, ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेले भांडण. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्हींकडून दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी वाद मिटवावा, असे त्याने सुचविले. पुढे विनयात भिक्खुसंघातील वाद शमविण्याचे सात मार्ग सांगितले गेले. त्यांतील पहिला असा, की दोन्ही पक्ष समोरासमोर असल्यावाचून निवाडा करू नये.

परंतु समेटाला अट आहे. समेट बरोबरीच्या माणसांत होतो. शाक्य आणि कोलिय एकमेकांना माणूस मानीत होते. भांडण पाण्याचे होते, माणुसकीचे नव्हते. बांध, वाटणी, उसनवार, नवराबायकोचा रुसवा, वाहनाचा धक्का, हे वाद मिटवा, उदार मनाने मिटवा, दोन पावले मागे घेऊन मिटवा. पण पाणी, रस्ता, स्मशान, मिरवणूक, स्त्रीची अब्रू आणि आपल्या माणुसकीचा अपमान यांचा समेट होत नाही. अत्याचाराचे गुन्हे लोकअदालतीत मिटविता येत नाहीत, असे कायदाही सांगतो. भांडण मिटविणे आणि अपमान गिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. गावकीच्या बैठकीत तुम्हाला खाली बसवून जो समेट होतो, तो समेट नव्हे. ती जुनीच वहिवाट असते. आणि तिला विचारावयाचा प्रश्न आता तुम्हाला ठाऊक झाला आहे.

सव्वानऊ वर्षे हा काळ लहान नव्हे. दावा सुरू झाला तेव्हा पाळण्यात असलेले मूल निकाल लागला तेव्हा शाळेत जात होते. त्या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदेस गेले, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. आणि महाडच्या एका तळ्याचा दावा मागे कोठेतरी चालूच होता. तारीख चुकली नाही, कैफियत बदलली नाही, बाजू सोडली नाही. तुमच्यापैकी ज्यांचा खटला आज तीन वर्षे चालला आहे आणि ज्यांचे मन थकले आहे, त्यांनी महाडच्या वाटेवर एकदा जावे, तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात हात घालावा, आणि हे पाणी सव्वानऊ वर्षांच्या तारखांनी आपले झाले आहे, हे लेकराला सांगावे. मग पुढच्या तारखेला वेळेवर यावे. मी रोह्याच्या न्यायालयात असेनच.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.